पुढचा उजवा टायर

माझी शेवटची पोस्टिंग गडचिरोलीच्या दक्षिणेला, जंगलातल्या एका कंपनी कॅम्पवर होती. मी एमटी हवालदार, म्हणजे कॅम्पच्या गाड्यांचा जबाबदार. माझ्या सहीशिवाय एकही गाडी गेटबाहेर जात नसे. राग कायम नाकावर. ड्रायव्हर पाठीमागे मला सासरा म्हणत, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

त्या भागात गाड्या चालत कमी, उभ्या जास्त. रस्त्यात सुरुंगाची भीती, म्हणून गस्त पायीच. आमची ॲम्ब्युलन्स महिना महिना उन्हात उभी असे. सकाळी सहाला इंजिन सुरू करायचं, दहा मिनिटांनी बंद. टायरांची नक्षी नव्यासारखी खोल होती.

तिचा ड्रायव्हर नाईक सुधाकर रामटेके, चिमूरकडचा. एका सकाळी तो चाकाजवळ उकिडवा बसलेला दिसला.

"हवालदार साहेब, पुढच्या उजव्याले बाजूनं बारीक चिरा पडून राह्यल्या."

"नक्षी दिसत नाई काय तुले?"

"नक्षी हाये जी. पण रबर कडक झालं. कधीचा हाये ते तरी पहा, बाजूले लिवलं रायते."

"तू गाडी चालव. टायर मले नको शिकवू."

चार ड्रायव्हर ऐकत उभे होते. त्यांच्यासमोर वाकून पाहणं मला कमीपणाचं वाटलं. रजिस्टरात 'टायर ठीक' लिहिलं आणि चहा प्यायला गेलो.

नऊ दिवसांनी शिपाई कुमरेचा मलेरिया डोक्यात गेला. झटके येऊ लागले. हेलिकॉप्टर मिळालं नाही. साडेबाराला रोड पार्टी रस्ता तपासायला पुढे गेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसली. एक चाळीसला ॲम्ब्युलन्स निघाली. मी सही केली. रामटेके म्हणाला, "येतो जी."

दोन वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर रोड पार्टीचा आवाज आला.

"ब्लास्ट! ॲम्ब्युलन्सवर ब्लास्ट! गाडी झाडावर आदळली!"

"फायर येतंय?" कंपनी कमांडरनी विचारलं.

"अजून नाही, सर."

"पोझिशन घ्या. गाडीकडे कोणी जाऊ नका."

हुकूम बरोबर होता. सुरुंगानंतर गोळीबार होतो, म्हणून गाडीकडे धावायचं नाही, हे प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं. सगळे पालथे पडून जंगलाकडे पाहत राहिले. एकोणीस मिनिटं.

मग सेट पुन्हा बोलला. "सर, ब्लास्ट नाही. पुढचा उजवा टायर फुटलाय."

मी तिथेच एका पेटीवर बसलो.

कुमरे वाचला. त्याच्याजवळचा नर्सिंग असिस्टंट बेशुद्ध होता, तोही वाचला. रामटेके स्टीअरिंगखाली अडकला होता आणि त्याचं रक्त वाहत होतं. आधी काढला असता तर जगला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या टायरची कड फडक्यानं पुसली. चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर आठ वर्षांचा होता. चाललेला नगण्य, पण उन्हात वाळून वाळून त्याचा जीव गेला होता.

चौकशीत विचारलं, "टायर कसा होता?"

"नक्षी पूर्ण होती, सर."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वर्ष तेवढं मी गिळलं. गाडी हळू येताना रोड पार्टीनं पाहिली होती, पण त्यांना कोणी विचारलंच नाही. अहवालात आलं: चालकाचा अतिवेग. मी गप्प बसलो. मला माझी आजही किळस येते.

आता मी वडशाला राहतो. शेजाऱ्याची जीप हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना नेते आणि बाकीचं वर्ष अंगणात उभी असते. यंदा मी तिच्या टायरवरचे आकडे वाचले. दहा वर्षं उलटलेली. फेक म्हटलं तर तो माझ्यावरच उखडला.

"नक्षी तर नवीच हाये! तुमच्या कॅम्पात फेकत होते काय असे टायर?"

मी त्याला नको नको ते बोललो. चारही टायर बदलेपर्यंत जीप हलू देणार नाही म्हणून तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. टायर बदलले. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी चिमूरची बस धरली.

रामटेकेच्या बायकोला, शोभाबाईंना, सगळं सांगितलं. त्या पाखडायचं सूप हातात धरून ऐकत होत्या.

"गावात लोक म्हणतेत, पिऊन चालवत होता," त्या म्हणाल्या.

"नाई बाई. त्यानं मले आधीच सांगतलं होतं. मीच आयकलं नाई."

"मंग तवा काऊन नाई बोलले, भाऊ?"

"भेलो."

त्यांनी कागद आणून दिला. मी लिहिलं. मग त्या बाहेर गेल्या आणि आजूबाजूच्या माणसांना बोलावून आणलं. अंगण भरलं.

"आता वाचा," त्या म्हणाल्या.

मी सावधानमध्ये उभा राहिलो. "नाईक सुधाकर रामटेके यांनी टायर खराब असल्याचं मला नऊ दिवस आधी सांगितलं होतं. त्यांच्या गाडीचा वेग जास्त नव्हता. टायर मी पास केला होता."



"मांगच्यांले आयकू नाई गेलं," शोभाबाई म्हणाल्या. "अजून एकदा वाचा."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.