मंगोल नदीपाशी

आज कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि जळकोटचा तो शिंपी आठवला. वाचनालयातून जगाच्या इतिहासाचा पहिला भाग आणून, मशीन चालवता चालवता तो गिऱ्हाइकांना सांगायचा. समोरच्या हॉटेलातली माणसं कप घेऊन त्याच्या दारात येऊन बसायची आणि चहा प्यायचाही विसरायची. मी लातूरहून इतिहासात एम.ए. करून जळकोटलाच क्लास घ्यायचो. माझ्या तासाला पोरं घड्याळ बघायची. असा जळफळाट झाला, की वाचनालयातला दुसरा भाग मी गुपचूप पिशवीत घातला. आठवड्यानं त्यानं मलाच गाठलं. "सर, दुसरा भाग कोन नेला वो? मंगोल नदीपाशी थांबलेत, लोकं रोज इचारायलेत." "काय की बुवा," मी म्हणालो. पुस्तक अजून कपाटातच आहे. त्या मंगोलांनी नदी कशी ओलांडली, ते मीही वाचलेलं नाही.