दहावं बटण

उस्मानपुऱ्यात अर्ज टाइप करून देणाऱ्या त्या गृहस्थांनी घरीच सोल्डर करून नऊ बटणांचा छोटा कीबोर्ड बनवला होता. एक बटण दाबलं की अख्खं वाक्य उमटायचं. दुष्काळात बहुतेक अर्ज टँकरचेच. "तेच तेच किती बडवायचं, ताई?" असं म्हणत ते बटण दाबायचे आणि ते वाक्य मोठ्यानं बोलायचेही.

एकदा माझ्या आधी एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. अर्ज ऐकून ते म्हणाले, "माणसं लिव्हली. आन् जित्राबं? ती काय हवा पित्यात व्हय?"

 जित्राबांची ओळ गृहस्थांनी हातानं टाइप केली.

पुढच्या खेपेला कीबोर्डच्या कडेला दहावं बटण दिसलं. जरा तिरकं बसवलेलं, वर नेलपॉलिशनं 'जि' लिहिलेलं.

यंदा आमच्या सोसायटीचा अर्ज त्यांच्याकडूनच केला. चार मजली नवी इमारत, खाली पार्किंग. अर्जाच्या शेवटी ओळ होती, 'तसेच जित्राबांनाही पाणी मिळावे.'

"अहो, आमच्याकडं कुठली जनावरं?" मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट बघितलं का, ताई?"

जिन्याखाली व्यालेली कुत्री मला तिथंच आठवली. अर्ज तसाच दिला.