त्यांच्या वाटणीचा वेल

कोलकात्यात, आमच्या गार्डन रीचच्या इमारतीच्या गच्चीवर आईने दोन ड्रमांत दुधी लावला होता. वेल मांडवावर चढले आणि तळमजल्यावरचे सेक्रेटरी काका दर रविवारी कात्री घेऊन वर यायला लागले. बंगाली घरांत दुधीचे कोवळे शेंडे नि पानं आवडीने शिजतात, त्याला माझी ना नाही. पण न विचारता? आणि वर त्याच माणसाने सोसायटीच्या बैठकीत आईला वहिनी म्हणत सुनावावं, "बौदी, तुमचा वेल फळ देत नाही, नुसती गच्ची ओली करतो. दुर्गापूजेपर्यंत दुधी दिसला नाही, तर ड्रम खाली!"

आई पाण्याची बादली घेऊन गच्चीवर गेली. मी मात्र गप्प बसले नाही. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे, ती वाचत मी अक्षरं शिकले. लिफ्टमध्ये कागद चिकटवला : 'पानं खाणारेच फळ कुठे म्हणून विचारतात!'

काका तो वाचून हसले. "अगं, शेंडा खुडला की फळ जास्त येतं. तुमच्या महाराष्ट्रात शिकवत नाहीत वाटतं?"

ते अर्धं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. आमच्या घरी चढत्या वेलाला हात लावणं म्हणजे पाप. मी शोधून वाचलं. शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात आणि दुधीची मादी फुलं बहुतेक त्यांच्यावरच येतात. पण ते फळ पोसतात ती पानं. काका पानं फांद्यांसकट नेत होते.

मग मी सूड घ्यायचं ठरवलं, तोही उघडपणे. एका ड्रमाला लाल फडकं बांधलं. "काका, हा वेल तुमचा. हवा तेवढा कापा. दुसऱ्याला हात लावायचा नाही." दुसऱ्याचा शेंडा मी एकदाच खुडला, तेव्हा आईने तोंड फिरवलं. पाणी, शेणखत दोन्हींना सारखंच. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की आई दोन्ही वेलांवर नर फूल मादी फुलाला टेकवायची. मला फसवून जिंकायचं नव्हतं.

"मुलगी शहाणी झाली!" म्हणत काका पिशवी भरायचे.

"अजून घ्या ना," मी म्हणायचे.

पूजेआधीची बैठक मी गच्चीवरच घ्यायला लावली. आमच्या मांडवाला दुधी लोंबत होते. काकांच्या वेलाची नुसती दोरी उरली होती आणि तिला अंगठ्याएवढी, काळी पडलेली फळं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हळहळून "ईश!" म्हणाल्या. ड्रम राहिले.

आईने घरोघर दुधी वाटले. "त्यांनाही दे गं, शेजारी आहेत."

दिला. त्यांच्याच वेलावरचा, स्टीलच्या ताटलीत, सगळ्यांसमोर. "घ्या काका, तुमचं पीक."

एक चांगला द्यायला हवा होतास, असं आई अजून म्हणते. मला तसं वाटत नाही. आता काका आमची बेल वाजवतात, "थोडे शेंडे मिळतील का?" विचारतात आणि दारात उभे राहतात. मी गच्चीवर जाऊन स्वतः कापून आणते. कात्री माझी असते. पानं मी देत नाही.