कोपऱ्यातली केबिन

"दादा, कोपऱ्यातली रिकामी आहे का?" एवढं विचारायचं, ओढणी नाकापर्यंत ओढायची आणि उत्तराची वाट न बघता आत शिरायचं, ही तिची पद्धत. नवघरला माझा सायबर कॅफे होता तेव्हाची ही गोष्ट. तिचं वय पंचविशीच्या आतलं, चेहरा मात्र डबल ड्युटी करून आल्यासारखा.

दुपारी यायची. कीबोर्ड वाजत राहायचा. मध्येच हसणं, मध्येच नाक ओढणं. मी ठरवून टाकलं, दुबईतला बॉयफ्रेंड! तुम्हीही तेच ठरवलं असतं. वर सल्ला दिला, "जपून हं, नेटवरची माणसं खोटी असतात."

"हो ना. मीपण तिथे खोट्याच नावाने असते."

मग पोलिसांचा हुकूम आला. केबिन काढा, स्क्रीन सगळ्यांना दिसले पाहिजेत. सुतार येतोय म्हटल्यावर ती खुर्चीतून उठेचना.

"एवढा कोपरा ठेवा ना, दादा. मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. तो गेला, सासू सगळ्यांना सांगते, कावीळ झाली होती. घरी माझं ताट वेगळं, पेला वेगळा. इथे ग्रुपवर माझ्यासारख्याच मुली आहेत, कुठल्या कुठल्या गावच्या. दिवसभरात तेवढंच बोलणं होतं माझं."

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी काय केलं? तिच्यासाठी मागवलेल्या चहाचा ग्लास उचलला, आपण तसलं काही मानत नाही हे दाखवायला मोठा घोट घेतला आणि उरलेला तिच्यापुढे केला.

ती बघतच राहिली. "दादा, चहातून माझं तुम्हाला काही लागत नाही. पण तुम्ही सकाळपासून शिंकताय. तुमचं मला लागेल!"

लगेच वळून तिने ते ग्रुपवर टाइप केलं. "सगळ्या हसतायत तुम्हाला."

केबिन काही वाचली नाही. पुढच्या खेपेला ती आली, दारातूनच उघडा कोपरा पाहिला, "चालायचंच" म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही.

पुढे एकदा नवघर रोडला भाजीच्या गाडीपाशी दिसली, सासूबरोबर. माझं तोंड आधी उघडतं, डोकं नंतर. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तिने हळूच मान हलवली. नको.

सासूने माझ्याकडे बघत विचारलं, "कोण गं?"

"कोणी नाही."

"भैया, दुधी कैसा दिया?" मी गाडीकडे वळून विचारलं. आमच्या घरी दुधी कोणी खात नाही. तरी त्या दोघी गल्लीत वळेपर्यंत एकेक दुधी नखाने टोचून बघत राहिलो. भैया वैतागला.