माशाचा गोठा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या गल्लीत नळ आलेला होता. बीडमध्ये नळ आला की माणूस फोन उचलत नाही, हे बाहेरगावच्यांना सांगून पटत नाही. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा येणारं पाणी. घागरीपासून पिंपापर्यंत घरातलं सगळं त्याच्या तोंडाशी धरावं लागतं. फोन वाजतच राहिला तेव्हा वैतागून उचलला, तर त्याची मुलगी. "काका, बाबा गेले…" दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. पाइप माझ्या हातात तसाच, पाणी पायांवरून वाहतंय आणि मी उभा. शेवटी माझ्या बायकोनं, नलूनं, येऊन नळ बंद केला.

महिना उलटला तरी माझा राग जात नाही. असं न सांगता जायचं असतं होय बे? नेकनूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी कापडदुकानात बसलो आणि हा गुरांचा डॉक्टर झाला. कडा गावात नोकरीला असताना ऊसतोड्यांचे बैल, शेतकऱ्यांच्या म्हशी, शेळ्या, सगळं याच्याच गळ्यात. त्याची एक खोड होती. जनावर आजारी म्हणून बोलावलं, की हा जनावराकडं ढुंकून न बघता आधी गोठ्यात शिरायचा. गव्हाण हुंगायचा, पाण्याच्या हौदात हात घालायचा, शेणाला काडी लावून बघायचा. मालक चुळबुळत उभा. "जनावर खोटं बोलत न्हाई बे, मालक बोलतो," म्हणायचा. एकदा साप चावला म्हणून सगळं गाव एका बैलाभोवती जमलं होतं, आणि यानं गोठ्यामागं कोवळ्या ज्वारीचा खाल्लेला वाफा शोधून काढला. कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी. बैल वाचला. सापाची गोष्ट मात्र गावानं सोडली नाही, ती अजून सांगतात!

तो निवृत्त होऊन बीडला आला, त्याच सुमारास नलू न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले चाला, आणि ही चालेना. घाटनांदूरची बाई, एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. ती भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. जीव रमावा म्हणून भाच्यानं काचेची टाकी आणि तीन-चार गोल्डफिश आणून खाटेच्या पायथ्याशी ठेवले. खरंच रमली. पण मासे टिकेनात. एकेक करून गेले आणि एकच राहिला, डोक्यावर टेंगूळ असलेला, केशरी. त्याला ती लाडू म्हणायची. एक दिवस तोही वर येऊन तोंड उघडमीट करायला लागला. पंख अंगाला चिकटलेले, शेपटीत लाल शिरा. नलूनं पाण्यात चिमूटभर हळद टाकायला लावली. पाणी तेवढं पिवळं झालं. मग तिनं ताट सरकवलं आणि शांतपणे म्हणाली, "ह्यो गेला की मी बी सुटले." थट्टेत म्हणाली नव्हती. मी दिगंबरला फोन लावला.

"मासा मी जन्मात फक्त ताटात बघितलाय बे," असं म्हणतच तो आला. स्टूल ओढून टाकीसमोर बसला तो दुपारभर उठला नाही. "म्हशीचा श्वास कुशीवर मोजतात, ह्याचा गालावर दिसतोय. लई धापा टाकतोय गडी." मग नलूला एकेक विचारायला लागला. कधीपासून? त्याआधी काय झालं? आणि मध्येच आपलं आपल्याशी, "पापणीच न्हाई लेकाला, झोपतो कसा?" नलू भिंतीकडं तोंड करूनच उत्तरं देत होती. "परवापर्यंत चांगला होता. नळ आला त्या दिवशी सांजच्याला बिघडला." दिगंबर वळला. "आणि आधीचे?" तिनं बोटं मोजली. "ते बी… नळ आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. नळ आला की शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. घरोघरी तेच. त्याच हिशेबानं मी टाकीही रिकामी करायचो, खालचे खडे, गाळणीचा स्पंज चोळून धुवायचो आणि थेट नळाचं पाणी भरायचो. दिगंबरनं भरलेली बादली नाकाशी धरली. "ब्लिचिंग पावडरचा वास बघ. आपण दोन दिवसांनी पितो, ह्याला तू त्यातच बुडवतोस. पाणी मुरूच देत न्हाईस. गोठा लई स्वच्छ हाय बे तुझा, म्हणूनच जनावर मरतंय." मी भांडलो. शिळ्या पाण्यात जीव कसा जगेल? तो म्हणाला, "मला बी पक्कं ठाऊक न्हाई. करून बघू."

पसरट घंगाळात पाणी उघडं ठेवून वास जाऊ दिला, मग थोडंथोडंच बदललं. खडेमीठ मोजकंच. दाणे बंद. आणि नलूला म्हणाला, "वहिनी, मी घरी जाणार, हा दुकानात. नजर तुमचीच पायजे. गाल किती हलतात, पंख उघडतो का, बाजूनं बघून सांगायचं." बाजूनं बघायचं तर उठून बसावं लागणार! ती बसली. पुढं कल्ले दिसावेत म्हणून वॉकर धरून उभी राहिली. लाडूचे पंख उघडले त्या दिवशी तिनं मला दुकानात फोन करून ओरडून सांगितलं. तेव्हापासून वर्षानुवर्षं दिगंबरचं येणं चालूच राहिलं, आणि दोघांच्या चर्चा ऐकाव्यात! माशाला तहान लागते का? तो आपल्याला ओळखतो का, की नुसता दाण्याचा डबा ओळखतो? मी चहा करणारा.

परवा सकाळी उठलो तर लाडू पाण्यावर आडवा तरंगत होता. दिगंबरही नाही, आता हिला सांगायचं कसं… तोंड धुऊन धीर गोळा करून परत आलो, तर नलू टेबलाशी बसलेली. लाडू ताटलीत, तिच्या नाकावर चष्मा, आणि काडीनं ती त्याचा कल्ला उचलून बघत होती. "लालभडक हाय बघा. अंगावर डाग न्हाई, शिरा न्हाई. पाण्यानं न्हाई गेला. म्हातारा झालता." मग काडी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊन रडली. "भावजींना दाखवायला पायजे होतं हो…" मीही रडलो. दिगंबरसाठी मी तोवर रडलोच नव्हतो.

मोगऱ्याच्या आळ्यात लाडूला पुरलं. आत येऊन मी टाकी रिकामी करायला उचलली, तर ती ओरडली, "अहो, पाणी सांडू नका! मुरलेलं पाणी हाय, दुसरा आणायचाय त्यात." मी टाकी जागेवर ठेवली आणि तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. "बघताय काय असं?" ती म्हणाली. "ताटं घ्या. भूक लागलीय मला."