झाकण उताणे, झाकण सरळ

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला शाळेतही कधी जमले नाही. म्हणून या वहीचीच माफी मागून सुरुवात करते. दुसरे कोणी हे वाचणार नाही. पण जे पाहिले ते लिहून ठेवले नाही, तर काही वर्षांनी माझाच त्याच्यावर विश्वास बसणार नाही.

चौथीनंतर शाळा सुटली आणि मी आईबरोबर लासलगावला कांदा निवडायला जाऊ लागले. लग्न होऊन नाशिकला आले. आता सकाळी एका मेसला पोळ्यांची कणीक मळून देते आणि दुपारी इंदिरानगरमध्ये एका ताईंच्या कॉम्प्युटर क्लासची झाडलोट करते. क्लास म्हणजे बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिसरी-चौथीची मुले तिथे टॅबवर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडतात आणि ठोकळ्यांवर लिहिले असेल तसे पडद्यावरची चिमणी करते. दोन पावले पुढे. उजवीकडे वळ. पाच वेळा कर. हे ठोकळे ताईंनी स्वतः मराठीत बनवले आहेत. फरशी पुसता पुसता मी ते चोरून बघायची.

असेच बघताना बादलीच्या कडीत चार्जरची वायर अडकली आणि एक टॅब टेबलावरून खाली आला. काच फुटली, आतलेही काही गेले. ताई म्हणाल्या, होते असे, सोडून द्या. मला सोडता येईना. तीनदा विचारल्यावर त्यांनी पाच हजारांचा आकडा सांगितला. दर महिन्याला पगारातून पाचशे कापायचे, दहा महिने, हे मीच ठरवले. आमचे हे म्हणाले, "त्यांनी टाकून दिलेलं तू वेचून आणलंस. कांद्याची सवय गेली नाही तुझी." मी मनात मात्र ठरवले की पैसे पूर्ण फिटल्याशिवाय क्लासमधल्या एकाही काचेला बोट लावायचे नाही. टेबले मी पुसायची, काचा मुलांनी पुसायच्या.

बरेच महिने असे गेले. मग एकदा ताईंनी मला मुले येण्याच्या आधी बोलावून बाकावर बसवले. त्या नवे ठोकळे घालत होत्या आणि मुलांना ते समजत नव्हते. मला समजले तर मुलांनाही समजेल, असे त्या म्हणाल्या. मी काचेला हात लावणार नाही, असे सांगितले. ताई म्हणाल्या, हात माझा, तुम्ही फक्त बघा आणि बोला.

पहिला नवा ठोकळा म्हणजे एक डबी होती. त्या डबीत दोनच गोष्टी राहतात, खरे किंवा खोटे, एका वेळी एकच. मला पटेना. आम्ही कांदा निवडायचो तेव्हा ढीग चार लागायचे. चांगला, मध्यम, गोल्टी म्हणजे अगदी बारका, आणि जोडकांदा.

"मग गोल्टीनं कुठं जायचं, ताई?" मी विचारले.

ताई हसल्या. "गोल्टीसाठी दुसरी डबी आणू. हिला एवढंच विचारायचं, झालं की नाही झालं."

त्यांनी डबीला नाव दिले, दाणा खाल्ला. सुरुवातीला डबीत खोटे. डबीत खोटे असेल तर चिमणीने आधी दाण्याकडे जायचे. दाणा खाल्ला की डबीत खरे ठेवायचे. खरे असेल तर घरट्यात जायचे. हे सगळे दोन वेळा. पहिल्या वेळी चिमणी शहाण्यासारखी दाण्याकडे गेली, खाल्ला, घरट्यात गेली. दुसऱ्या वेळी ताईंनी नवा दाणा टाकला तर तिने त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही. उपाशीच थेट घरट्यात. ताईंनी ठोकळे वरखाली केले, पुन्हा चालवले, पुन्हा तेच.

आणि मला माझी कणीक आठवली. मेससाठी मी रोज तीन घाणे मळते. मध्येच कोणी हाक मारली की मीठ घातले की नाही ते आठवत नाही, आणि कच्ची कणीक किती वेळा चाखायची? म्हणून आईने शिकवले होते, मीठ घातले की मिठाच्या डब्याचे झाकण उताणे ठेवायचे. झाकण उताणे, म्हणजे मीठ पडले. घाणा मळून झाला की झाकण सरळ. एकदा मी सरळ करायला विसरले, दुसऱ्या घाण्याला झाकण उताणेच दिसले, आणि मेसमधल्या पोरांनी अळणी पोळ्या खाल्ल्या. मालकिणीचे बोलणे मी अजून विसरले नाही.

माझ्या तोंडून निघून गेले, "ताई, झाकण सरळ करायचं राहिलं."

त्यांना काहीच समजले नाही. मग मी मिठाचे सगळे सांगितले, मान खाली घालून, कारण सांगताना वाटत होते की हे किती घरगुती आहे. ताई ऐकत राहिल्या. मग त्यांनी एकच ठोकळा शेवटी लावला, घरट्यात पोचली की डबीत पुन्हा खोटे. चिमणी दुसऱ्या वेळी दाण्याकडे गेली. माझ्या आईला सही येत नव्हती, आणि तिचे झाकण या यंत्राच्या पोटात होते. ताईंनी त्याच दिवशी डबीचे चित्र हटवून तिथे झाकण काढले, खोट्याला सरळ आणि खऱ्याला उताणे. आता मुले एकमेकांना विचारतात, तुझे झाकण कसे आहे?

मग त्यांनी फिरत राहायचे ठोकळे दाखवले. एक "इतक्या वेळा", तो जुनाच. दुसरा "असे होईपर्यंत". तिसरा "कायम". तिसरा लावून त्या फोनवर बोलायला गेल्या. चिमणी झाडाभोवती फिरू लागली. मी दोन्ही खोल्या झाडल्या, पुसल्या, फडकी धुतली, वाळत घातली. ती फिरतच होती, तेवढ्याच वेगाने. मला तिची दया आली आणि थोडी भीतीही वाटली. आपले कुठलेच काम असे नसते. कितीही ढीग असला तरी शेवटचा कांदा हाताला येतोच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पगार देताना ताई म्हणाल्या, "झाले हं दहा महिने, मावशी. पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार." पण मधल्या दोन महिन्यांत काहीच कापले नव्हते. एकदा मला ताप होता, एकदा भाचीचे लग्न होते, तेव्हा मीच थांबायला सांगितले होते. ताईंना ते आठवत होते. त्या मुद्दाम सोडत होत्या. मी गप्प बसले असते तर सगळे तिथेच मिटले असते. पण चिमणी डोळ्यांपुढे आली.

मी म्हणाले, "ताई, हे इतक्या वेळा नाही. हे फिटेपर्यंत आहे."

ताईंनी समोरच्या टॅबवर ठोकळे जोडले. एक झाकण, नाव फिटले, सध्या सरळ. फिटेपर्यंत, दर महिन्याला पाचशे. चिमणी एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारायची आणि थांबायची. आठ दगड मागे होते, दोन पुढे.

पुढचा महिना कापला. त्यानंतरच्या महिन्यात मी म्हणाले, कापू नका, पूर्ण पगार हातात द्या. मग त्यातूनच पाचशेची नोट काढून त्यांच्यापुढे ठेवली. मला ती स्वतः द्यायची होती. ताईंनी नोट घेतली आणि टॅब माझ्याकडे सरकवला. "झाकण तुम्हीच उलटा."

मी पदराला बोट पुसले. काच गार होती. बोट लागताच झाकण उताणे झाले, चिमणीने शेवटच्या दगडावर उडी मारली आणि ती थांबली. पाच हजार पूर्ण फिटले.