ओढ्यावरची पाणचक्की

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात लालबागची पिठाची गिरणी बंद राहिली, म्हणून आईने माळ्यावरचे जाते काढले आणि एका टाकीवाल्याला हाक मारली. छिन्नीने जात्याला खाचा पाडताना तो फुंकर मारी आणि डोळे मिटून बोटांनी चाचपी.

"कुठे शिकलात हे?" मी विचारले.

"गावी. पणजोबांनी ओढ्यावर पाणचक्की बांधलेली. दगडी पाटातलं पाणी खाली आडव्या लाकडी चाकावर पडायचं, की वर जातं फिरायचं. मग गावात इंजिनाची गिरणी आली."

"पाणचक्की मोडली?"

"मोडली असती तर बरं. रिकामीच फिरायची. तो आवाज ऐकवेना, म्हणून मुंबईला आलो."

आईने मूठभर तांदूळ घालून जाते फिरवले. पहिले पीठ पडताच कचकच लागते का पाहायला त्याने चिमूटभर जिभेवर ठेवले. शेजारणीने आपल्या जात्यासाठी हाक मारली, तरी भरल्या जात्याची घरघर ऐकत बसलेला तो उठेना.